तुझ्यावर आलेले निबंध

विरूपाक्षा, तू मेलास आणि लगेच उंच झालास. तुझं नाक सरळ झालं, रंग उजळला, आवाज मधुर झाला. तुझ्या मुखावर म्हणे सदैव मंद स्मित विलसत असे. तुझं धोतर बगळ्याच्या पंखासारखं शुभ्र असे. तू जन्मात कुणावर रागावला नाहीस, कुणाला उणा शब्द बोलला नाहीस, आणि तुझ्या नेत्रांतून ज्ञानाची गंगा की वात्सल्याची यमुना असं काहीतरी अखंड वाहत असे. हे मी म्हणत नाही. माझ्या मेजावर कागदांचा एक गठ्ठा पडलाय, त्यात असं लिहिलंय. कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी लिहिलंय, आणि तीही तुझ्याच ओट्यावर बसून निबंध लिहायला शिकलेली पोरं. वाचता वाचता मला शिसारी आली. ती कुणापाशी बोलून दाखवावी तर तो माणूस तू होतास, म्हणून तुलाच सांगायला बसलोय.

तुला लिंगायतांच्या रुद्रभूमीत समाधीच्या खड्ड्यात बसवून, मूठमूठ विभूती टाकून आम्ही परत आलो, आणि हेडमास्तरांना स्मारकाची घाई झाली. शाळेत सभा घेतली. चार जणांनी भाषणं केली. चौघांच्याही भाषणात काळाने घाला घातला आणि कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली. मी खाली मान घालून बसलो होतो, लोकांना वाटलं मला दुःख अनावर झालंय. मग हेडमास्तरांनी जाहीर केलं, की आपल्या शाळेतून पुण्याला, सांगलीला कॉलेजात गेलेले विद्यार्थी सुटीत गावी आलेत, त्यांची तुझ्या नावानं निबंधस्पर्धा ठेवायची. विषय, 'आमचे विरूपाक्ष मास्तर'. बक्षीस चांदीचा पेला, देणार वहिनी. परीक्षक मी. मला कुणी विचारलं नव्हतं. उठून नाही म्हणणार होतो, पण पहिल्या रांगेत तुझी बायको बसली होती आणि ती माझ्याकडं बघत होती.

तुझा ओटा आठवतो. आपल्या गावच्या शुक्रवार पेठेत तुझं घर आणि माझं घर यांत हाकेचं अंतर. आपण लहानपणी एकाच शाळेत मार खाल्ला आणि मोठेपणी एकाच शाळेत मार दिला, तू मराठीच्या तासाला आणि मी इंग्रजीच्या. उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजची पोरं गावी आली, की ऊन उतरल्यावर आपापले निबंध घेऊन तुझ्याकडं यायची. शाळेत असताना जी पोरं सरळ चार ओळी लिहीत, ती कॉलेजात एक वर्ष काढून आली की त्यांच्या लिहिण्याला सूज आलेली असे. तू एका टोकाला तंबाखू मळत बसायचास, मी दुसऱ्या टोकाला लाल पेन्सिल घेऊन. मी खुणा करायचो. तू काहीच लिहायचा नाहीस. तू फक्त हात ठेवायचास.

ती तुझी हात ठेवायची पद्धत मी नंतर कुठं बघितली नाही. पोरानं निबंध पुढं केला की तू पहिल्या परिच्छेदावर डावा पंजा ठेवायचास आणि म्हणायचास, "आता वाच." त्या पंजाखाली काय असायचं ते आपल्या दोघांना पाठ होतं. मनुष्य हा समाजशील प्राणी आहे. प्राचीन काळापासून मानवाला अमुक गोष्टीचं आकर्षण वाटत आलं आहे. या विश्वाच्या अफाट पसाऱ्यात. पोरगं खालून वाचायला लागायचं आणि तू विचारायचास, "काही हरवल्यासारखं वाटतं का?" कधीच वाटायचं नाही. मग उजवा पंजा शेवटच्या परिच्छेदावर, जिथं तरुण पिढीनं काय करावं, समाजानं डोळे कसे उघडावेत आणि म्हणून शेवटी आपण सर्वांनी काय केलं पाहिजे ते असायचं. "आता मधलं राहिलंय तेवढंच तू लिहिलंयस. बाकीचं तुझ्या आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं." कधीकधी मधे काहीच राहायचं नाही. पोरगं दोन्ही पंजांमधली रिकामी जागा बघत बसायचं आणि तू खो-खो हसायचास.

तो पोरगा आठवतो का, 'रम्य सागरतीर' लिहून आणलेला? सिद्धेश्वराच्या तळ्याहून मोठं पाणी त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या निबंधात लाटा किनाऱ्याचं चुंबन घेत होत्या. तू विचारलंस, "पाण्याजवळची वाळू पायाला कशी लागते रे?" तो म्हणाला, "मऊ." "ओली वाळू मऊ असती का कोरडी?" मग तू म्हणालास, तळ्याच्या पायऱ्यांवर लिही, शेवाळावरून घसरलास त्यावर लिही. तर तो आपला कॉलरवाला शर्ट सावरत म्हणाला, "तळ्यावर काय निबंध लिहितात होय मास्तर?" त्यावर तू खडू भिरकावलास. घरच्या ओट्यावरही तुझ्या खिशात खडू असायचा.

अवतरणांचा तुला फार राग. एकानं एका इंग्रज लेखकाचं वाक्य मधेच घुसडलं होतं, मराठी निबंधात, इंग्रजी लिपीत. तू म्हणालास, "हे साहेब तुझे कोण लागतात?" पोरगं म्हणालं, "कोणी नाही." "मग त्यांना न्याहारीला का बोलावलंस? तुझ्या पानात तुलाच पुरेना." आणि डोंगर उंच, भव्य आणि गगनचुंबी असला की तू दोन विशेषणं बोटानं झाकून टाकायचास.

पण ज्या गोष्टीनं मला उठून घरी जावंसं वाटायचं ती वेगळीच. कुठलाही विषय असो, तू पोराला आधी तो घरच्या भाषेत तोंडी सांगायला लावायचास. पेठेतल्या पोरानं कन्नडमधे, विणकराच्या पोरानं तेलुगूमधे, बेगमपेठेतल्या पोरानं दखनी उर्दूत. इतरांना कळो न कळो. सगळा ओटा गलबलून जायचा. तुला तेलुगू किती येत होतं देव जाणे, पण तू मान हलवत ऐकायचास आणि मधेच बोट उचलून म्हणायचास, "हां, हे. हे आता मराठीत." ते मराठीत यायचं तेव्हा लंगडत यायचं. माझी पेन्सिल शिवशिवायची. मी म्हणायचो, विरूपाक्षा, ही काय चावडी आहे? तू म्हणायचास, "दामू, आईच्या भाषेत फुलोरा करता येत नाही. आई थोबाडीत देती."

आपलं भांडण त्यावरच होतं आणि ते तसंच राहिलं. माझं म्हणणं, ही पोरं आळशी आहेत आणि चोर आहेत. दुसऱ्याचं वाक्य उचललं की स्वतःला विचार करावा लागत नाही. त्यांना चुका दाखवाव्यात, चुकांची नावं सांगावीत, त्या टाळायला लावाव्यात, की झालं. तुझं म्हणणं, ती आळशी नाहीत, भितात. आपलं घर, आपलं बोलणं, आपला बाप कागदावर मांडायला भितात, म्हणून दुसऱ्याचा सदरा घालतात. मी म्हणालो, भिऊन कुणी लाटांना चुंबन घ्यायला लावत नाही. तू म्हणालास, "तू कधी भ्यालाच नाहीस, तुला काय कळतंय." मी चिडलो. तेवढ्यात वहिनींनी आतून जेवायला हाक मारली, तू उठलास, मी चपला घातल्या, आणि त्यानंतर तुला ताप भरला.

तर आता हा गठ्ठा. एकाही कागदात तू नाहीस. एकात तू सागरासारखा अथांग, दुसऱ्यात हिमालयासारखा अचल, तिसऱ्यात वटवृक्ष, आणि त्या वटवृक्षाच्या छायेत असंख्य पांथस्थ विसावलेले. एका महाभागानं कुण्या पुढाऱ्यावरचा जुना निबंध काढून त्यात तुझं नाव घातलंय आणि बाकीचं बदलायला विसरलाय, त्यामुळे तू विलायतेला जाऊन आलायस. तुला जवळच्या होटगी स्टेशनाच्या पलीकडं आगगाडीत बसायचं म्हटलं तरी पोटात गोळा यायचा! एकाच्या मते तुझी अमृतवाणी ऐकून पाषाणालाही पाझर फुटे. वाणी म्हणे! तुझा तो कन्नड हेल, वाक्याच्या शेवटी वर चढणारा, सगळी शाळा त्याची नक्कल करायची. तू बुटका होतास रे. काळा होतास. देवीचे वण होते तुझ्या गालांवर. धोतराच्या सोग्याला खडू आणि तंबाखू एकत्र लागलेली असायची, आणि तू एवढ्यातेवढ्यावरून असा भडकायचास की शेजारच्या वर्गात मी शिकवणं थांबवायचो. ह्यातलं काही म्हणजे काही त्यांनी पाहिलं नाही? का पाहिलं आणि लाज वाटली? मला एकेक कागद उचलताना बोटं पुसावीशी वाटत होती.

सगळ्यांत वाईट निबंध श्रीनिवासचा. पूर्वभागातल्या विणकर घरातला तो तुझा लाडका, पुण्याला इंटरला आहे. शाळेत असल्यापासून किती उन्हाळे तो त्या ओट्यावर बसला आणि मागावरचा दोरा तुटला की त्याची आजी काय पुटपुटते ते त्यानं तेलुगूत सांगितलं होतं, तेव्हा तू मांडीवर थाप मारली होतीस. त्याचा निबंध शुद्ध होता. सुरुवातीला विश्वाचा पसारा नव्हता. शेवटी उपदेश नव्हता. एकही अवतरण नाही, एका नामाला एकच विशेषण, वाक्यं कापल्यासारखी. माझ्या पेन्सिलीला टेकायला जागा मिळाली नाही. आणि त्यात एक गौरवर्ण, मितभाषी, प्रेमळ गृहस्थ होता, जो मी जन्मात पाहिला नव्हता. ती वात्सल्याची यमुना ह्याचीच. इतकी सुबक होती की क्षणभर मलाही आवडली, आणि मग मी कागद पालथा घातला.

वहिनींनी निरोप पाठवला होता, की सगळ्यांत चांगलं जे आलंय ते येऊन वाचून दाखवा. मी श्रीनिवासचा निबंध घेऊन गेलो. त्या माजघराच्या उंबऱ्याशी बसल्या, धाकटी पोर शेजारी. मी वाचला, आवाजात जेवढा राग कमी आणता येईल तेवढा कमी आणून. त्यांनी मन लावून ऐकलं. मधे एकदा पदर डोळ्यांना लावला. संपल्यावर म्हणाल्या,

"लई चांगला मानूस दिसतोय की. कोन म्हनायचं हे, भावजी?"

मला वाटलं दुःखानं बोलतायत. पण त्या खरंच विचारत होत्या, सभेत सांगितलेला विषय त्यांच्या ध्यानातच नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, हे आपले विरूपाक्ष. तुमचे यजमान."

"ह्यांच्यावर लिवलंय?" त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. वाचता येत नाही त्यांना, पण उलटसुलट करून बघितला. "न्हाय हो. ह्यांनी तर एकदा ताट भिंतीवर फेकलतं, आमटीत मीठ नव्हतं म्हनून. आन मग सोताच भिंत पुसत बसले."

मी हसलो. मग त्याही हसल्या. मी तुझ्या ओट्यावरच्या भाषांच्या गोंधळाचा विषय काढला. म्हटलं, कुठून हे वेड ह्याच्या डोक्यात आलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "तुमास्नी ठावं न्हाय?"

विरूपाक्षा, मला ठाऊक नव्हतं. हाकेच्या अंतरावर राहून ठाऊक नव्हतं. तुझ्या नोकरीच्या सुरुवातीला शाळा तपासायला एक इन्स्पेक्टर आला होता, हे मला माहीत आहे. मी त्या वेळी ट्रेनिंगला पुण्याला होतो. तू वर्गापुढं निबंध मोठ्यानं वाचून दाखवलास आणि तो तुझ्या हेलाला हसला. पोरांच्या देखत म्हणाला, "मास्तर, आधी तुम्ही मराठी शिका." हे तू मला कधी सांगितलं नाहीस. वहिनी सांगत होत्या आणि धाकटी पोर त्यांच्या तोंडाकडं बघत होती, तिलाही हे नवीन असावं.

"त्या दिसापास्नं घरात कन्नड बंद," वहिनी म्हणाल्या. "म्हनले, घरात बोललो की हेल जात न्हाय. आता मला मराटी कुटलं येतंय? माझं माहेर अक्कलकोटाकडलं. मी गप. भाकरी वाडायची, गप. पानी द्यायचं, गप. थोरली रांगत हुती तवापास्नं ती शाळंला जायला लागली तवर मी ह्या घरात मुकी हुते, भावजी. लोक म्हनायचे, मास्तरांची बायको लई गरीब. शेजारनीसंगट सुदीक बोलायची चोरी."

"मग?"

"मग काय. एक दिवस सांजचं शाळंतनं आले. मी चूल पेटवत हुते. दारातच हुबं राहून म्हनले, बोल. मी म्हनलं, काय? तर म्हनले, काय बी बोल, तुज्या भाषेत बोल. आज वर्गात एका पोराला सांग म्हनलं तर ते तोंड मिटून हुबं राहिलं, तुज्यावानी. म्हनले, मी घरात बायको मुकी केली आन शाळंत पोरं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला बोलायलाच येईना, वो. सवय गेलती. मग मी म्हनलं, मीठ संपलंय. कन्नडमदी. तर ते रडाय लागले की."

मी विचारलं, "वहिनी, हे मी लिहिलं तर चालेल?"

"लिवा की. खोटं थोडंच हाय?"

घरी येताना मला तुझा भयंकर राग आला. इतकी वर्षं आपण त्या ओट्यावर भांडलो, मी तुझ्या पद्धतीला चावडी म्हणालो, वेड म्हणालो, आणि तू एवढं एक उत्तर खिशात ठेवून बसलास. मला ते सांगितलं असतंस तर मी हरलो असतो. तुला मला हरवायचं नव्हतं, का तुलाही हे कागदावर मांडायची भीती वाटली, ते मी आता कुणाला विचारू? तुझं भितात-भितात म्हणणं मी पोरांबद्दलचं समजत होतो. पण त्या रागातही एक बरं वाटलं, विरूपाक्षा. ताट फेकणारा, भिंत पुसणारा आणि चुलीपुढं रडणारा तू मला परत मिळालास.

दुसऱ्या दिवशी मी श्रीनिवासला बोलावलं. तो ऐन वैशाखात कॉलेजचा कोट घालून आला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी कागद पुढं टाकला.

"हा कोण?"

"आपले मास्तर, सर."

"मास्तर गोरे होते?"

"तसं... अंतःकरणानं, सर."

"तुझ्या कपाळावर खडू बसला होता ना त्यांचा? टेंगूळ आलं होतं. ते कुठंय?"

त्यानं कपाळावरून हात फिरवला. मग जे बोलला ते असं, की मी त्याला मधे थांबवू शकलो नाही. म्हणाला, "गेलेल्या मास्तरांवर तसं लिहायचं कसं, सर? लोक म्हणतील, विणकराच्या पोराला गुरूची चाड नाही. दुसऱ्यानं लिहिलं तर चालंल. मी लिहून चालत नाही." आणि मग, "पुण्यात मी वर्गात उत्तर द्यायला उठलो की मागच्या बाकावर हसतात. एकदा प्राध्यापकही हसले. म्हणून लिहिताना तरी कुणाला हसायला जागा राहू नये, असं लिहितो. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या चुका टाळल्यात, सर. एक तरी सापडली का बघा."

सापडली नव्हती. मी त्याला साधं बस म्हटलं नाही, तसाच वाटेला लावला. मला शिसारी आली होती, पण आता ती नेमकी कुणाची ते मला कळेना. त्या मागच्या बाकाची, त्या हसणाऱ्या प्राध्यापकाची, तुझ्या त्या इन्स्पेक्टरची. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक बाकावर बसून हसणार आणि आपली पोरं गळ्यापर्यंत बटणं लावून यमुना वाहवणार. तू म्हणत होतास ते मला पटलं असं मात्र समजू नकोस. भ्यालेल्या माणसानंही खोटं लिहू नये. विलायतेच्या सफरीची चोरी करणाराला मी अजूनही चोरच म्हणतो. श्रीनिवासबद्दल काय म्हणायचं, ते तू असतास तर आपण भांडून ठरवलं असतं.

मी निकाल लिहून दिला, एकही निबंध बक्षिसास पात्र नाही. हेडमास्तर धावत घरी आले. "दामूअण्णा, असं कसं चालेल? पेला कोरून आलाय, पाहुणे ठरलेत, अहो पुण्याचे बॅरिस्टर येतायत! एखादा बरा नाही का ह्यात?" मी म्हटलं, बरे सगळेच आहेत, विरूपाक्ष एकातही नाही. ते म्हणाले, "तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." मग त्यांनी स्वतःच गठ्ठा चाळला आणि श्रीनिवासला पहिला काढला. त्यांना भाषा आवडली.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. दिवसभर तापलेली जमीन बसल्या जागी भाजत होती. माणसं मात्र खूप आली होती, रे. गिरणीतून सुटून सरळ आलेले, आपापल्या पोरांना घेऊन आलेले, तुझ्या हातचा मार खाल्लेले आणि आता टक्कल पडलेले. बॅरिस्टर बोलले. तुला कधी न पाहता ते तुझ्याबद्दल बराच वेळ बोलले. मग श्रीनिवासनं निबंध वाचला. कोट तोच. यमुनेपाशी टाळ्या पडल्या. मी व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर बसून दात आवळत होतो आणि मनात म्हणत होतो, की आता हा पेला एकदाचा दिला की सुटलो, पुन्हा तुझ्या नावाच्या कुठल्या गोष्टीला मी जाणार नाही.

हेडमास्तरांनी खूण केली. वहिनी उठल्या. पेला दोन्ही हातांनी श्रीनिवासच्या हातात दिला, त्याच्या गालावरून हात फिरवला. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. वहिनी वळल्या, सगळ्यांना वाटलं नमस्कार करून बसणार. त्या लोकांकडं तोंड करून उभ्या राहिल्या, आणि अगदी साध्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं म्हणाल्या,

"इवरु नम्मवरल्ल."

हे आमचे नव्हेत.

अर्धं पटांगण दचकलं. उरलेलं अर्धं एकमेकांना विचारायला लागलं. हेडमास्तर अर्धवट उठले आणि बसले. वहिनी बोलत राहिल्या, कन्नडमधे. रागावून नाही. म्हणाल्या, पोरानं छान लिहिलंय, गुणी पोर आहे, पण आमचे हे बुटके होते. आंघोळीनंतर ओले पाय घेऊन घरभर फिरायचे आणि मी ओरडले की आणखी फिरायचे. छत्री विसरून अर्ध्या वाटेवरून माझ्या नावानं हाका मारत परत यायचे, सगळ्या पेठेला माझं नाव त्यामुळं पाठ. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हसला. मग बायका हसल्या. श्रीनिवास पेला छातीशी धरून त्यांच्याकडं बघत होता आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण त्यानं कधी काढलं होतं कुणास ठाऊक. वहिनी म्हणाल्या, शेवटच्या तापात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मलाही ओळखलं नाही. डोळे मिटून पडायचे आणि मधेच बोट उचलून म्हणायचे, "मुंद हेळु." पुढं सांग. कुणाला म्हणत होते मला कळलं नाही. म्हणून रात्रंदिवस मीच सांगत बसले. काय काय सांगितलं आता आठवत नाही. ऐकता ऐकता गेले.

एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळी कुणी वाजवली नाही. बॅरिस्टर माझ्याकडं कलले आणि हळूच विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

मला सांगता आलं नाही, विरूपाक्षा. तुला माती दिली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. शोकसभेत रडलो नाही, तुझ्या रिकाम्या ओट्यावरून रोज जाताना रडलो नाही. रागच इतका होता. हा उंच, गोरा, मंद हसणारा माणूस मेला म्हणून मी का रडावं, मला त्याची ओळखसुद्धा नव्हती. पण तिथं त्या पटांगणात ओले पाय घेऊन तू आलास, आणि तू आलास तेव्हाच मला कळलं की तू गेलास.